खडूच्या भिंतींचं घर

माझ्या नणंदेनं आयुष्यात एकही गोष्ट पहिल्यांदा केलेली नाही. जे काही करायचं त्याची ती आधी तालीम करते, चुका काढते, आणि मग तेच असं करून दाखवते की बघणाऱ्याला वाटावं, ही बाई जन्मापासून हेच करत आलीय. आमचं लग्न ठरलं तेव्हा तिनं नवरदेवाला, म्हणजे स्वतःच्या धाकट्या भावाला, ऐन मे महिन्यात पंखा बंद करून शेरवानीत हॉलमध्ये उभं केलं होतं. समोरून ती स्वतःच पुन्हा पुन्हा यायची, कधी लांबची आत्या होऊन, कधी ऑफिसातला साहेब होऊन, आणि हात मिळवून जायची. "घाम कुठून कुठून येतो ते आधी कळलेलं बरं," असं तिचं म्हणणं. तो सगळीकडूनच येतो हे सिद्ध झाल्यावर शेरवानी रद्द झाली. लग्नाच्या दिवशी आमच्याकडचे पुरुष कोटात वितळत असताना नवरदेव सुती झब्ब्यात टवटवीत उभे होते, आणि माझ्या आईनं तेवढ्यावरच जावयाला पैकीच्या पैकी देऊन टाकले.

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हाही तेच. आदल्या रविवारी ही एका डोळ्याला पट्टी बांधून दिवसभर घरात वावरली. टीपॉयच्या कोपऱ्यावर नडगी आपटली, उंबऱ्याला ठेच लागली, चहा कपाऐवजी ओट्यावर ओतला. संध्याकाळपर्यंत टीपॉय शेजाऱ्यांकडे गेला होता आणि उंबऱ्यावर पांढरा रंग लागला होता. सासूबाई ऑपरेशननंतर एकदाही धडपडल्या नाहीत. त्या पुढं कित्येक वर्षं सांगायच्या, "ऑपरेशन माझं झालं, पण दुखलं ते हिला."

लग्न तिनं केलं नाही. का, असं मी नवी सून असताना एकदा विचारलं होतं. "त्याची तालीम करायची सोय नव्हती," असं म्हणून ती हसली आणि विषय संपला. नोकरी मात्र तिनं अशी केली की तिच्याशिवाय ती जागा कुणाला कल्पनेतही दिसेना. उरणच्या रस्त्यावर कंटेनरचं एक भलं मोठं यार्ड आहे. तिथं कुठला ट्रेलर कुठून आत येणार, कुठं उभा राहणार आणि कधी बाहेर पडणार, हे सगळं तिच्या हुकमावर चालायचं. मी एकदा तिचा विसरलेला डबा द्यायला गेले होते. चारी बाजूंनी ट्रेलर गुरगुरतायत, धूळ उडतेय, आणि मधोमध ही पाच फुटांची बाई सलवार-कमीजवर पिवळं जाकीट घालून ओरडतेय, "ए भैया, रिवर्स! रिवर्स बोला ना! गाडी आहे ती, बैल नाय!" अख्खा घाट उतरून आलेले मिशाळ ड्रायव्हर शाळकरी पोरांसारखे मान खाली घालून गाडी मागं घेत होते. त्यातल्याच एकानं मला हळूच सांगितलं, "म्याडम बोंब मारते, पण टायमात सोडते. दुसरी शिफ्ट असली की आम्ही रात्रभर सडतो."

अशा बाईची बोटं एक दिवस सकाळी मिटेनाशी झाली. आम्हाला हे बरेच महिने कळलंच नाही. तिनं बटणांचे कुडते सोडून डोक्यातून घालायचे कुडते आणले, आणि आम्ही तिच्या नव्या फॅशनचं कौतुक केलं. तिनं लेसचे बूट टाकून पट्टीचे घेतले, तेव्हा माझ्या नवऱ्यानं स्वतःसाठीही तसेच मागवले. मग एकदा आमच्याकडे जेवताना तिच्या हातून आमटीची वाटी सुटली. ती वाटीकडे बघत राहिली, आणि मी तिच्या बोटांकडे. पेरं सुजून लाल झाली होती.

तिला घेऊन मीच डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी हात उलटसुलट करून पाहिले, तपासण्या केल्या आणि पुढच्या खेपेला सरळ सांगितलं की हा संधिवातच आहे, पण वय झाल्यावर होतो तो नव्हे. यात शरीर आपल्याच सांध्यांना शत्रू समजतं. गोळ्या कायमच्या. शिवाय दिवसभराचं उभं राहणं, ऊन, धावपळ आणि ताण जितका कमी होईल तितकं बरं.

"म्हणजे अजून किती वर्षं चालवता येईल?" नणंदेनं विचारलं.

"काय चालवायचंय? नोकरी की हात?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दुसऱ्या कुणाला या उत्तरानं रडू आलं असतं. हिला ते भयंकर आवडलं. "बाई मुद्द्याचं बोलते," ती रिक्षात मला म्हणाली, आणि रिक्षा तिच्या नेरूळच्या सोसायटीच्या गेटात वळायच्या आत तिचं ठरलंही होतं. पन्नाशीच्या आत नोकरी सोडायची. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट विकायचा. त्यातून एक लहान घर घ्यायचं आणि उरेल त्यात औषधपाण्यासकट साधं राहायचं. "जास्त मिळवता येणार नाही, तर कमी लागेल असं जगायचं," ती म्हणाली. "त्यात एवढं टेन्शन काय घ्यायचं?"

टेन्शन माझ्या नवऱ्यानं घेतलं. त्यानं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन जाहीर केलं, "ताई, तू आमच्याकडे खांदेश्वरला राहायला यायचं. विषय संपला." ती शांतपणे शेंगा सोलत होती, म्हणजे शेंगा दातांनी फोडत होती आणि दाणे ताटलीत टाकत होती. "बाळू," ती म्हणाली, "तुझ्या घरी मी पाहुणी म्हणून फार चांगली आहे. कायमची आले तर आठ दिवसांत तुझ्या बायकोचे डबे दुसऱ्या फळीवर ठेवीन. मग ती मला काही बोलणार नाही, आणि ते मला सहन होणार नाही." मी तोंडदेखलं "अहो ताई, असं काय!" म्हणाले खरी, पण मनातून मला तिचं इतकं पटलं की मी एक शेंग सोलून तिच्या हातावर ठेवली.

घर तिनं मनात कधीच निवडलं होतं. उरणच्या अलीकडे एका वाडीत दोन खोल्यांचं कौलारू बैठं घर होतं. यार्डात जाता-येता ते तिला रोज दिसायचं. पुढं सारवलेलं अंगण, मागं नारळाची झाडं, आणि समोर भरतीचं पाणी आत शिरून चमकतं ती खाजणाची जमीन. घरमालक काकांशी तिनं बोलणीसुद्धा करून ठेवली होती. एरवी कुठल्याही गोष्टीचं वर्णन ती लांबी-रुंदीत करते, पण या घराबद्दल बोलताना म्हणाली, "अगं, तिथं बगळे अगदी दारात येतात." एवढंच म्हणाली, आणि जरा लाजली.

आता एवढा मोठा निर्णय म्हटल्यावर तालीम आलीच. शिल्लक रजा काढून ती महिनाभर घरी राहिली आणि सातव्या मजल्यावर राहूनच उरणच्या त्या घरात राहायला गेली. दोन्ही बेडरूमच्या दारांवर तिनं यार्डातली तपकिरी चिकटपट्टी आडवी-उभी मारली. एसीच्या बटणावर पट्टी, एका बाथरूमवर पट्टी, बाल्कनीवर पट्टी. उरणच्या घरातली बाहेरची खोली तिच्या हॉलपेक्षा लहान होती, म्हणून हॉलच्या फरशीवर तिनं खडूनं रेघा मारून जास्तीची जागा वगळून टाकली. सोफा रेघेपलीकडे राहिला. म्हणजे तो गेला. गाडी विकायची होती, तेव्हा किल्ली माझ्याकडे आली. लिफ्ट तेवढी चालू ठेवली होती, कारण बैठ्या घराला जिना नसतो.

पहिल्या रविवारी आम्ही भेटायला गेलो. माझा नवरा सवयीनं सरळ सोफ्याकडे निघाला.

"अरे अरे, भिंतीतून कुठं निघालास!" ती ओरडली.

तो एक पाय हवेत ठेवून थांबला. "कुठली भिंत?"

"ती बघ ना पायाखाली. दारानं ये."

दार म्हणजे रेघेत मुद्दाम सोडलेली एक फट होती. माझा नवरा, एका मोठ्या कंपनीत हाताखाली माणसं असलेला गृहस्थ, निमूटपणे वळसा घालून त्या फटीतून आत आला आणि चटईवर बसला. पुढं मी बाथरूममध्ये असताना त्यालाही घाई झाली. दुसऱ्या बाथरूमच्या दारावरची चिकटपट्टी तो हळूच सोलायला लागला, तर ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "ते विकलं." मी बाहेर येईपर्यंत तो खडूच्या भिंतीला लागून येरझाऱ्या घालत होता, आणि गंमत म्हणजे एकदाही त्यानं ती ओलांडली नाही.

त्या महिन्यात तिनं घरातली प्रत्येक वस्तू दुखऱ्या हातांनी वापरून पाहिली आणि जी हाताला जड ती घराबाहेर, असा सपाटा लावला. जाड बुडाची पातेली गेली. फिरकीच्या झाकणाच्या सगळ्या बरण्या आमच्याकडे आल्या. भांड्यांच्या दुकानात ती एकेक डबा कोपरानं उघडून बघायची. दुकानदार बिचारा आधी चहा विचारायचा; मग नुसताच बघत राहायचा. "ताई, नेमकं पाहिजे काय तुम्हाला?" त्यानं शेवटी विचारलं. "माझ्यावर न रुसणारा डबा," ती म्हणाली. सगळ्या दुकानात तिला असा एकच सापडला. लहान मुलांच्या खाऊचा होता तो, वर ससा काढलेला. त्यात ती आता चहापत्ती ठेवते.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी थालीपिठं घेऊन गेले. बेल वाजवली. आतून आवाज आला, "आले गं," आणि मग बराच वेळ काहीच झालं नाही. मी पुन्हा बेल वाजवली. दाराच्या अगदी पलीकडून ती म्हणाली, "ऐक. घाबरू नको. मला वरची कडी काढता येत नाहीये."

तीन दिवस वाढत आलेलं दुखणं रात्रीतून उसळलं होतं. बोटं, मनगटं, खांदे, सगळं धरलं होतं. माझ्याकडे तिच्या दाराची जादा किल्ली होती, पण वरच्या कडीला किल्लीचा काय उपयोग? मी म्हटलं, वॉचमनला बोलावते, सुतार आणते, दार फोडू. "काही फोडायचं नाही," ती म्हणाली. "हे घर विकायचंय. उन्हं वर आली की बोटं जरा सैल होतात. थांब तू." मग मी दाराबाहेर पायपुसण्यावर बसकण मारली. ती आत बसली असावी, कारण तिचा आवाज माझ्या कानाजवळून येत होता.

वीस वर्षांत आम्ही दोघी इतक्या बोललो नव्हतो. म्हणजे बोललो होतो, पण भाजीबद्दल, मुलांच्या परीक्षांबद्दल, बाळूच्या वजनाबद्दल. त्या दिवशी ती मधेच म्हणाली, "पहाटेपासून पाणी प्यायचंय. नळ फिरत नाही, बाटलीचं बूच उघडत नाही." मग म्हणाली, "मला वाटायचं, मी एकटी राहते म्हणजे मला कुणी लागत नाही." मी दाराला हात लावून बसले. समोरच्या फ्लॅटच्या बाई बाहेर आल्या, दाराशी बोलणाऱ्या मला पाहून पुन्हा आत गेल्या. थोड्या वेळानं आतून अगदी लहान आवाज आला, "अगं, मला भीती वाटतेय." या बाईला भीती वाटते, हे मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "मी आहे ताई. मी इथून हलत नाही." त्यावर ती एकदम मूळपदावर येऊन म्हणाली, "हलू नकोसच. आणि थालीपिठं गार करू नको, पिशवी मांडीवर घे."

शेवटी तिनं दोन्ही मनगटांत लाटणं धरलं, स्टुलावर चढली आणि कडी ढकलून ढकलून सरकवली. दार उघडलं. केस सगळे मोकळे, गुंता झालेले. तीन दिवस तिला वेणी घालता आली नव्हती. मी आधी तिला पाणी पाजलं. मग तिला चटईवर बसवलं आणि मागं बसून गुंता सोडवायला लागले. ती मान मला सोयीची पडेल अशी खाली घालून बसली. तिच्या केसांत इतकं पांढरं झालंय, हे मला तेव्हा कळलं.

दुपारी माझा नवरा ऑफिसातून तडक आला. येताना तो खडूच्या भिंतीतून आरपार आला. "बास झालं हे नाटक, ताई. बॅग भर."

"नाटक नाही, तालीम," ती म्हणाली. "तालमीत पडलेलं बरं असतं रे." मग ती खडूच्या रेघेकडे बघत म्हणाली, "मी सगळं धरलं होतं. पाणी, औषधं, लाईट गेली तर काय, सगळं. माणूस धरायचा राहिला." आणि माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "तुमच्याकडून कामोठं चालत किती लांब?"

उरणच्या काकांना तिनं माझ्यासमोरच फोन केला. "काका, नाही जमायचं. तुम्ही दुसऱ्या कुणाला द्या." पलीकडून ते काहीतरी बरंच बोलले. ती "हो, हो" म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर ती ओट्यापाशी गेली, पुसलेलाच ओटा पुन्हा पुसला आणि म्हणाली, "नाही तरी नारळ उतरवायला हल्ली माणूस कुठं मिळतो?"

यार्डातल्या निरोपसमारंभाला आम्हा दोघांनाही बोलावणं होतं. भाषणाची तालीम अर्थातच आमच्या घरी झाली होती. कुठं थांबायचं, कुठं हसायचं, साहेबांचं नाव कुठं घ्यायचं, सगळं पाठ. "मला वस्तू काही देऊ नका, मी वस्तूंतून बाहेर पडतेय" हे वाक्य तर इतकं झकास जमलं होतं की माझ्या नवऱ्यानं टाळी वाजवली. कॅन्टीनमध्ये ऑफिसची माणसं खुर्च्यांवर बसली होती आणि ड्रायव्हर मागं भिंतीशी, दारात, खिडक्यांत उभे होते. साहेब बोलले. मग ही उठली. तोंड उघडलं. शब्द येईना. ती एकदा साहेबांकडे बघे, एकदा आमच्याकडे. मग तिची नजर खिडकीबाहेर गेली. फाटकात एक ट्रेलर आडवा लागला होता. "अरे, गेट मोकळं ठेवा रे," ती म्हणाली आणि खाली बसली. मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला त्यात मागचे दोन ड्रायव्हर खरोखरच ट्रेलर हटवायला धावले. माझा नवरा बराच वेळ चष्मा पुसत होता.

आता ती कामोठ्यात, जुन्या गावाच्या कडेला बैठ्या घरांच्या एका ओळीत राहते. एक खोली, स्वयंपाकघर, पुढं पायरी. आमच्या घरापासून मी रमतगमत चालत पोचते. दाराला वरची कडी नाही. नळ, कड्या, मुठी, सगळं कोपरानं चालेल असं. मोजकी भांडी, मोजके कपडे, एक ट्रान्झिस्टर. बाजारात ती पिशवी खांद्याला अडकवून सकाळी लवकर जाते आणि हाताला झेपेल तेवढंच आणते. त्यामुळे तिच्याकडची भाजी रोज ताजी आणि आमच्या फ्रीजमधली शिळी. सोसायटीतल्या माझ्या मैत्रिणी कौतुकानं तिचं घर बघायला येतात, "किती छान, किती मोकळं" म्हणतात आणि जाताना मॉलमध्ये थांबतात. शेजारच्या आगरी काकूंनी पहिल्याच दिवशी तिला सांगून टाकलं होतं, "दार लावतंस कशाला गो बाय? आमी हाव ना हितं. कोन येतंय, कोन जातंय, बगतो ना आमी." रात्र आणि दुपारची झोप सोडली तर ते दार उघडंच असतं.

सगळं छान झालं असं मात्र मी म्हणणार नाही. गोळ्यांनी दुखणं आवरलं आहे, थांबलेलं नाही. काही सकाळी ती उठून बसते तोच मोठा पराक्रम असतो. गेल्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी डावा हात बराच वेळ धरून पाहिला आणि सांगितलं की या दोन बोटांना आलेला बाक आता जाणार नाही. "बरं," ती म्हणाली.

परवा संध्याकाळी मी तिच्याकडे गेले तर दार उघडं आणि घरात कुणी नाही. ओळीच्या टोकाशी काकूंच्या अंगणात बायका सुकट निवडत बसल्या होत्या, आणि तिथून हसण्याचा आवाज आला. मोठा, अगदी पोटातून आलेला. कुणाचा म्हणून मी पाहिलं, तर तिचाच. सुकट निवडायला तिचे हात चालत नाहीत, म्हणून ती त्यांच्यामध्ये नुसतीच बसली होती आणि हातवारे करून काहीतरी सांगत होती. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. मी हाक मारणार होते, पण मारली नाही. तिच्या पायरीवर बसले. उन्हं घरांच्या मागं गेली, कुठंतरी भाकरी भाजल्याचा वास यायला लागला. मग ती उठली. एक हात भिंतीला लावत, प्रत्येक घरापाशी जरा थांबत, सावकाश यायला लागली. मला पाहून तिनं दुसरा हात वर केला. मी पायरीवर थोडी सरकून तिच्यासाठी जागा केली आणि तिला पोचायला लागेल तेवढा वेळ तिच्याकडे बघत बसले.